कलाकृतीवरील मत आणि महापुरुषांचा मान

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला शिरूर आणि दौंड हे दोन तालुके एकमेकांना लागून आहेत. घोडनदीच्या काठचे शिरूर हे नगरच्या रस्त्यावरील बाजाराचे गाव. भीमेकाठचे दौंड हे रेल्वेचे जंक्शन. नाटक, साहित्य, समीक्षा हे शब्द उच्चारले की पुण्याच्या पेठा आणि मुंबईचे गिरगाव-दादर डोळ्यांसमोर येतात. घोडनदी किंवा दौंड सहसा येत नाहीत. तथापि गेल्या सहा दशकांत मराठी नाटक, कादंबरी आणि दूरचित्रवाणी यांवरून महाराष्ट्रात जे मोठे वाद झाले, त्यांतील दोन वादांचे धागे नेमके या दोन तालुक्यांत येऊन पोहोचतात. छत्रपती संभाजी महाराजांची समाधी शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे आहे. आणि ‘घाशीराम कोतवाल’ रंगभूमीवर आणणारे डॉ. जब्बार पटेल यांनी दौंडमध्ये वैद्यकीय व्यवसाय केला आहे. हा केवळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा विषय नाही. कलाकृतीविषयी मत कसे बनवावे, ते कसे मांडावे आणि दुसऱ्याचे मत कसे ऐकून घ्यावे, हा प्रश्न या दोन उदाहरणांतून जितका स्वच्छ दिसतो तितका क्वचितच दिसतो.

प्रश्न साधा आहे. एखादी मालिका कंटाळवाणी वाटली, एखाद्या कादंबरीतील भाषा भडक वाटली, एखाद्या महानाट्यात घोडे अधिक आणि नाट्य उणे असे वाटले, तर तसे म्हणण्याचा अधिकार तिकीट काढणाऱ्याला किंवा घरी बसून पाहणाऱ्याला आहे की नाही? तात्त्विक उत्तर सर्वांनाच ठाऊक आहे. व्यवहारात मात्र अशी पाळी आली आहे की, मालिकेला नावे ठेवणाऱ्याने जणू महाराजांनाच नावे ठेवली असे धरले जाते. शाळेतील शिक्षकांच्या खोलीत, कचेरीत दुपारच्या डब्याच्या वेळी, पुणे-दौंड गाडीच्या डब्यात अशी चर्चा निघाली की जाणता मनुष्य हळूच विषय बदलतो. मत नसते असे नाही. ते बोलण्याची सोय राहिलेली नसते. सुशिक्षितांच्या या गप्प बसण्याने कोणत्याही महापुरुषाचा मान वाढत नाही. उलट त्यांच्या नावावर सुमार माल खपविणाऱ्यांची तेवढी सोय होते.

संभाजी महाराजांच्या प्रतिमेचा प्रवास पाहिला म्हणजे मतांचे महत्त्व काय असते हे ध्यानात येते. ११ मार्च १६८९ रोजी महाराजांची क्रूर हत्या झाली. त्यानंतर सुमारे १२० वर्षांनी साताऱ्यात मल्हार रामराव चिटणीसांनी आपली बखर लिहिली. त्यांच्या पूर्वजांपैकी बाळाजी आवजी चिटणीस यांना संभाजी महाराजांनी देहान्त शासन दिले होते, ही गोष्ट ती बखर वाचताना विसरून चालत नाही. परंतु पुढच्या नाटककारांनी ती विसरली. बखरीतील व्यसनी, रंगेल आणि तापट राजपुत्र त्यांनी उचलला व रंगभूमीवर उभा केला, कारण असा नायक नाटकाला सोयीचा असतो. राम गणेश गडकऱ्यांचे ‘राजसंन्यास’ याच समजुतीवर उभे आहे. १९१९ साली गडकरी निवर्तले तेव्हा ते नाटक अपुरे राहिले. पण त्यातील भाषेच्या वैभवाने अपुऱ्या नाटकातील चित्र लोकांच्या मनात पुरे बिंबले. १९४१ साली ‘थोरातांची कमळा’ हा चित्रपट आला आणि दंतकथेला पडद्याचे पाठबळ मिळाले. दोन-तीन पिढ्यांनी असा संभाजी खरा मानला. त्यात प्रेक्षकांचा दोष एवढाच की, त्यांनी नाटकाला इतिहास समजले.

हे चित्र पालटले ते कोणत्याही मोर्च्याने नव्हे. ते वा. सी. बेंद्रे यांच्या एका जाडजूड पुस्तकाने पालटले. फार्सी, इंग्रजी, पोर्तुगीज अशी समकालीन कागदपत्रे वर्षानुवर्षे धुंडाळून बेंद्र्यांनी १९६० साली ‘छत्रपती संभाजी महाराज’ हे चरित्र प्रसिद्ध केले. हेच बेंद्रे शिवाजी महाराजांचे अस्सल चित्र उजेडात आणणारे संशोधक. त्यापूर्वी महाराजांचे म्हणून जे चित्र सर्रास छापले जात होते, ते भलत्याच माणसाचे आहे हे त्यांनी पुराव्याने दाखवून दिले. घरोघरी भिंतीवर लागलेली तसबीर बदलण्याचे सामर्थ्य कागदाच्या एका चिटोऱ्यात असू शकते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही. बेंद्र्यांच्या पाठोपाठ डॉ. कमल गोखले यांचे ‘शिवपुत्र संभाजी’ १९७१ साली आले. सतत नऊ वर्षे औरंगजेबाच्या प्रचंड सैन्याशी, शिवाय सिद्दी आणि पोर्तुगीज यांच्याशी झुंजणारा आणि ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ ज्याच्या नावावर आहे असा विद्याव्यासंगी राजा या अभ्यासातून उभा राहिला.

संशोधनाचा हा पाट पुढे ललित साहित्यात वाहिला. १९६२ साली वसंत कानेटकरांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ रंगभूमीवर आले. त्यात पिता आणि पुत्र यांच्यातील कोंडी होती. डॉ. काशिनाथ घाणेकरांचा संभाजी पाहण्यासाठी प्रेक्षकांनी नाट्यगृहे भरून टाकली. १९६८ साली कानेटकरांनीच ‘इथे ओशाळला मृत्यू’ लिहिले आणि बलिदानाचा भाग रंगविला. १९७९ साली शिवाजी सावंतांची ‘छावा’ ही कादंबरी आली. ग्रंथालयांतून तिच्या प्रती फाटेपर्यंत वाचल्या गेल्या. पुढे विश्वास पाटलांची ‘संभाजी’ आली. सप्टेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०२० या काळात झी मराठी वाहिनीवर ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ ही मालिका चालली आणि डॉ. अमोल कोल्हे यांनी घराघरांत संभाजी महाराज पोहोचविले. ‘शिवपुत्र संभाजी’ या महानाट्याने तोच नायक मैदानावर आणला. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी सावंतांच्या कादंबरीवर आधारलेला हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला आणि मराठी न जाणणाऱ्या प्रांतांतही हे नाव दुमदुमले.

या सर्व वाटचालीचा लाभ मोठा आहे यात शंका नाही. ज्या राजाला नाटकांनी बदनाम केले त्याला नाटकांनी, कादंबऱ्यांनी आणि पडद्यानेच न्याय दिला. मालिकेमुळे शाळकरी मुलांना येसूबाई, कवी कलश, हंबीरराव ही नावे तोंडपाठ झाली. हे काम पाठ्यपुस्तकाला साधले नव्हते. परंतु लाभ मान्य केला की समीक्षेचे दार बंद होते असे मानण्याचे कारण नाही. मालिकेला दररोजचा अर्धा तास भरावा लागतो. त्यासाठी एका प्रसंगाचे चार भाग करावे लागतात, दरवाज्यापलीकडे कान लावणारी पात्रे निर्माण करावी लागतात, ताणलेल्या चेहऱ्यांवर पुनःपुन्हा छायायंत्र रोखावे लागते. महानाट्याला मैदान भरावे लागते, म्हणून तेथे संवादापेक्षा तोफ मोठी होते. चित्रपटाला अडीच तासांत टाळ्या आणि अश्रू दोन्ही हवे असतात. प्रत्येक माध्यमाची ही गरज असते आणि त्या गरजेपायी इतिहासाला कोठे मुरड पडते, हे ओळखणे हे रसिकाचे काम आहे. ते भक्ताचे काम नव्हे, हे मान्य. पण एकच मनुष्य वढूला समाधीपुढे भक्त आणि घरी पडद्यापुढे रसिक असू शकतो. समाधीपुढील नतमस्तक वृत्ती पडद्यापुढेही ठेवावी, असा आग्रह धरणे हा समाधीचा मान नव्हे. तो निर्मात्याला मिळालेला फुकटचा लाभ आहे.

एक उदाहरण घ्यावे. १६७८ च्या अखेरीस संभाजीराजे मोगल सरदार दिलेरखानाकडे गेले आणि सुमारे वर्षभराने परतले, ही इतिहासाला ठाऊक असलेली घटना आहे. तिच्यामागची कारणे काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. आता जिज्ञासू वाचकाने इतकेच पाहावे की, जुन्या नाटककाराने या घटनेचे काय केले, बेंद्र्यांनी काय केले, कादंबरीकाराने काय केले आणि मालिकेच्या लेखकाने काय केले. कोणी ती बेजबाबदारपणाचा पुरावा म्हणून वापरली, कोणी घरातील कारस्थानांचा परिणाम म्हणून मांडली, कोणी तिला पराक्रमाच्या योजनेचे रूप दिले. चारही लेखन शेजारी ठेवून पाहिले की कोणत्या लेखकाने पुराव्याचा आधार घेतला आणि कोणी सोय पाहिली हे कळू लागते. यालाच मत बनविणे म्हणतात. ‘आवडले’ किंवा ‘नाही आवडले’ ही त्याची सुरुवात आहे, शेवट नाही.

याच विषयातील दुसरा मार्ग महाराष्ट्राने ३ जानेवारी २०१७ रोजी पाहिला. पुण्याच्या संभाजी उद्यानातील राम गणेश गडकऱ्यांचा पुतळा काही कार्यकर्त्यांनी रात्रीतून उखडला आणि मुठेच्या पात्रात फेकला. ‘राजसंन्यास’मधील चित्रण हे त्याचे कारण सांगण्यात आले. त्या चित्रणाविषयी राग येणे समजू शकते. ते चित्रण इतिहासाला धरून नाही हे आता निर्विवाद झाल्यासारखे आहे. परंतु ते खोटे ठरले ते १९६० साली ग्रंथाने, २०१७ साली हातोड्याने नव्हे. पुतळा पडल्याने नाटकातील एक ओळही खोडली गेली नाही. उलट जे नाटक केवळ विद्यापीठातील विद्यार्थी वाचीत होते ते शोधून वाचण्याची बुद्धी अनेकांना झाली. बेंद्र्यांनी चाळीस वर्षांत जे मिळविले त्याचे श्रेय एका रात्रीत हिरावून घेण्याचा हा प्रकार होता. पुस्तकाला उत्तर पुस्तकाने, नाटकाला उत्तर नाटकाने, हे सूत्र शिळे वाटत असेल. पण संभाजी महाराजांच्या बाबतीत ते शब्दशः फळाला आले आहे.

दौंडचा धागा याच सूत्राकडे वेगळ्या बाजूने येतो. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रथम सादर झाले. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले होते. म्हणजे मराठी समाजाच्या करमणुकीचे दोन नवे पर्व अवघ्या अडीच महिन्यांच्या अंतराने उघडले. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल हे बालरोगतज्ज्ञ. मराठी रंगभूमीवर डॉक्टरांची वानवा कधीच नव्हती. घाणेकर दातांचे, श्रीराम लागू घशाचे, मोहन आगाशे मनाचे आणि कोल्हेही वैद्यकाचेच पदवीधर. तथापि दौंडसारख्या रेल्वेच्या गावात रुग्ण तपासणारा मनुष्य मराठी रंगभूमीचे व्याकरण बदलणारा प्रयोग उभारतो, ही घटना तालुक्याच्या गावांना कमी लेखणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. कीर्तन, लावणी, खेळे, दशावतार यांतील सामग्री घेऊन, माणसांच्या रांगेचाच पडदा करून, हसत-गात सत्तेचे क्रौर्य दाखविणारा तो प्रयोग होता.

त्यावर वादळ उठले. नाना फडणविसांची बदनामी, एका जातीची नालस्ती, इतिहासाचा विपर्यास असे आरोप झाले. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेच्या अध्यक्षांनी नाटक थांबविले. कलावंत मंडळी बाहेर पडली. त्यांनी १९७३ साली थिएटर ॲकॅडमीची स्थापना केली आणि १९७४ च्या जानेवारीत नाटक पुन्हा उभे केले. १९८० साली ते युरोपच्या दौऱ्यावर निघाले तेव्हाही विरोध झाला. दौरा मात्र पार पडला. त्याच १९७२ साली ‘सखाराम बाइंडर’वर परिनिरीक्षण मंडळाने कात्री चालविली आणि कमलाकर सारंगांना न्यायालयाचा उंबरठा चढावा लागला. आज ‘घाशीराम’ हे मराठी रंगभूमीचे भूषण म्हणून सांगितले जाते, आणि सांगणाऱ्यांत त्या वेळच्या विरोधकांच्या पुढच्या पिढ्याही असतात.

येथे विरोधकांवरही अन्याय होऊ नये. नाना फडणवीस हे राज्यकारभाराच्या जाणकारीसाठी नावाजलेले मुत्सद्दी होते. ‘घाशीराम’मधील नाना हा तो ऐतिहासिक नाना नव्हे, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. नाटकाने इतिहासाचे चित्र एकांगी केले असे लिहिण्याचा, बोलण्याचा, प्रयोगाला न जाण्याचा अधिकार त्यांना होता आणि त्यांपैकी कित्येकांनी तो सभ्यपणे बजावला. मर्यादा ओलांडली जाते ती ‘मला पटत नाही’ हे वाक्य ‘म्हणून कोणीही पाहू नये’ येथपर्यंत लांबते तेव्हा. पहिले वाक्य मत आहे; दुसरे वाक्य हुकूम आहे. आणि हा नियम सर्वांना सारखाच लागू व्हावयास हवा. नानांवरील नाटकाच्या वेळी अभिव्यक्तिस्वातंत्र्याची बाजू घेणाऱ्याने आपल्या आवडत्या पुरुषावरील नाटकाच्या वेळी बंदीची मागणी करू नये. आणि मालिकेवर टीका सहन न होणाऱ्याने ‘घाशीराम’च्या विरोधकांना असहिष्णू म्हणू नये. महाराष्ट्रात या बाबतीत प्रत्येक गटाने आपापले माप वेगळे ठेवले आहे.

विनोदाच्या प्रांतात हे अधिकच जाणवते. पुणे-सोलापूर रस्त्यावर केडगावजवळचे चौफुला हे दौंड तालुक्यातील ठिकाण संगीतबारीसाठी प्रसिद्ध आहे. आणि उत्तरेला जुन्नर तालुक्यातील नारायणगाव ही ढोलकीफडाच्या तमाशाची पंढरी. विठाबाई नारायणगावकरांचे नाव तेथूनच महाराष्ट्रभर गेले. पाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेसाठी सुपारी द्यायला येतात. शिरूर-दौंडच्या जत्रांनी हा तमाशा पिढ्यान्‌पिढ्या पोसला. त्यातील गवळणीत साक्षात श्रीकृष्णाला मावशी बोल लावते, पेंद्या त्याची फिरकी घेतो. बतावणीत सोंगाड्या राजाला वेडा ठरवितो आणि वगात गावच्या पाटलाला, सावकाराला, सरकारी अंमलदाराला त्याच्या तोंडावर टोमणे बसतात. देवाचा भक्त असलेला शेतकरी देवाच्या थट्टेला मनमुराद हसतो आणि पहाटे त्याच देवाच्या पालखीपुढे लोटांगण घालतो. यात विसंगती आहे असे त्याला कधी वाटले नाही. सोंग आणि देव यांतील अंतर त्याला न शिकविता कळत होते. १९६५ साली आलेल्या वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ मध्ये दादा कोंडके यांनी हाच सोंगाडी शहरी नाट्यगृहात नेला आणि राजा-प्रधान-कोतवालाच्या आडून चालू राजकारणाची रेवडी उडविली.

दूरचित्रवाणीने विनोदाला जत्रेचे नाव दिले. जत्रेचे स्वातंत्र्य दिले असे म्हणवत नाही. २०१४ साली सुरू झालेला ‘चला हवा येऊ द्या’ आणि २०१८ पासूनची ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ यांनी ग्रामीण भागातील अनेक गुणी नटांना चार पैसे आणि मोठे नाव मिळवून दिले, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. त्यांतील काही प्रहसने अस्सल आहेत. चाळ, लग्नघर, कचेरी यांचे निरीक्षण त्यांत नेमके असते. परंतु एकूण हिशेब मांडला तर दूरचित्रवाणीवरील विनोद शरीराचा लठ्ठपणा, वर्णाचा काळेपणा, बोलीचा गावंढळपणा आणि साडी नेसलेला पुरुष यांच्याभोवती बराच घुटमळतो. याचे कारण नटांत गुण नाहीत असे मुळीच नाही. राजा, प्रधान, कोतवाल यांची थट्टा महाग पडते. दुबळ्याची थट्टा स्वस्त पडते. ज्या समाजात प्रत्येकाच्या भावना दारातच उभ्या असतात, तेथे सोंगाड्याला अखेर स्वतःचीच टोपी उडवून हसे मिळवावे लागते. प्रेक्षकांनी ‘हल्लीचा विनोद पाचकळ झाला’ अशी तक्रार करताना आपण त्याच्यासाठी किती अंगण मोकळे ठेवले, याचाही विचार करावा.

सोंगाड्याचे पुढे काय होते, याची गोष्ट डॉ. जब्बार पटेलांनीच १९९२ साली ‘एक होता विदूषक’ या चित्रपटात सांगितली. पु. ल. देशपांडे यांनी ती लिहिली होती आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांनी तमाशातून सिनेमात व सिनेमातून राजकारणात ओढल्या गेलेल्या विनोदी नटाची भूमिका केली होती. लोकांना हसविण्याची शक्ती ही सत्तेला हवीशी वाटणारी शक्ती आहे, हे त्या चित्रपटाचे मर्म. येथे मराठीतील एका शब्दाची गंमत लक्षात येते. ‘मत’ या एकाच शब्दाने आपण अभिप्रायही सांगतो आणि मतपेटीतील कौलही. शिरूर लोकसभा मतदारसंघाने २०१९ व २०२४ अशा दोन निवडणुकांत डॉ. कोल्हे यांना निवडून दिले. लोकशाहीत नटाने निवडणूक लढविणे यात काही गैर नाही. वकील, शिक्षक, शेतकरी लढवितात तसा तोही लढवितो, आणि मतदारांचा निर्णय सर्वांनी मान्य करावयाचा असतो. मुद्दा मतदाराच्या बाजूचा आहे. भूमिका आवडली म्हणून दिलेले मत आणि काम आवडले म्हणून दिलेले मत ही दोन वेगळी मते आहेत. ज्याला त्यांची भूमिका आवडली त्याने त्यांच्या विरुद्ध मत द्यावे आणि ज्याला मालिका आवडली नाही त्याने त्यांना मत द्यावे, हेही पूर्णपणे सुसंगत आहे. जो प्रेक्षक नट आणि नायक यांत फरक करतो, तोच मतदार उमेदवार आणि घोषणा यांत फरक करू शकतो. रसिकतेचे शिक्षण हे नागरिकत्वाचेही शिक्षण आहे, ते या अर्थाने.

हा फरक पुसला गेला म्हणजे काय होते, हे शिरूर तालुक्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमाच्या परिसरात हिंसाचार उसळला. एका तरुणाचा जीव गेला, घरे-दुकाने-वाहने जळाली. त्याच्या आधी काही दिवस वढू बुद्रुक येथे इतिहासाच्या एका तपशिलासंबंधीच्या फलकावरून तंटा झाला होता. त्या हिंसाचाराची कारणे अनेक सांगितली जातात आणि दोषारोप हा येथील विषय नाही. परंतु तीनशे वर्षांपूर्वीच्या घटनेविषयीचा मतभेद ग्रंथालयाच्या टेबलावरून रस्त्यावर आला की त्याचे काय होते, एवढे त्यातून दिसले. २०२५ च्या मार्चमध्ये नागपुरात औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून दंगल झाली, तेव्हा ‘छावा’ चित्रपटाने लोकांच्या भावना प्रज्वलित झाल्या असे राज्याच्या मुख्यमंत्र्यांनीच विधानसभेत सांगितले. त्याच चित्रपटातील लेझीमचे दृश्य आक्षेपानंतर काढले गेले होते आणि शिर्के घराण्याच्या वंशजांनी चित्रणाला हरकत घेतल्यावर दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली होती. एकाच कलाकृतीवर एवढे आक्षेप झाले. पण चित्रपट म्हणून तो कसा आहे, पटकथा कशी आहे, कादंबरीतील काय राहिले आणि काय निसटले, याची चर्चा त्या गदारोळात बुडून गेली. पडदा पाहून हात शिवशिवणारा प्रेक्षक आणि पडदा पाहून विचार करणारा प्रेक्षक यांत समाजाला कोणता हवा आहे, हे ठरविण्याची वेळ येऊन गेली आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. सामान्य माणसाला एवढा वेळ कोठे आहे? सकाळी सहाची गाडी पकडून रात्री आठला घरी येणाऱ्या कारकुनाने किंवा रांजणगावच्या कारखान्यात पाळी करणाऱ्या कामगाराने चार ग्रंथ शेजारी ठेवून दिलेरखान प्रकरणाचा तुलनात्मक अभ्यास करावा, ही अपेक्षा अवास्तव नाही काय? शिवाय भावना खऱ्या असतात. ज्या राजाने प्राण दिला त्याच्याविषयी माणूस तटस्थ कसा राहील? आक्षेपात तथ्य आहे. पण सर्वांनी संशोधक व्हावे असे कोणीच म्हणत नाही. जो संशोधन करतो त्याचे बोलणे पुरते ऐकून घ्यावे, आणि ज्याने पुस्तक वाचलेले नाही त्याने पुस्तकाच्या निषेधाच्या पत्रकावर सही करू नये, एवढेच पुरेसे आहे. त्याला वेळ लागत नाही, संयम लागतो. राहता राहिली भावना. ती तटस्थ असण्याचे कारण नाही. संभाजी महाराजांवर ज्याचे खरे प्रेम आहे त्याला त्यांच्यावरील सुमार नाटक इतरांपेक्षा अधिक खुपावयास हवे.

मुळापर्यंत जाण्याचा आदर्श हवा असेल तर दौंडकरांनी केडगावपर्यंतच जावे. तेथील मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी आपल्या आयुष्याची अखेरची वर्षे बायबलच्या मराठी भाषांतरात घालविली. इतरांनी केलेल्या भाषांतरावर त्यांचे समाधान होईना, तेव्हा त्या नुसती टीका करून थांबल्या नाहीत; उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मूळ ग्रंथ वाचला आणि साध्या बायकांना समजेल असे मराठी लिहिले. छपाईही तेथल्याच छापखान्यात, आश्रमातील स्त्रियांच्या हातांनी झाली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या धर्ममतांशी ज्यांचे पटत नव्हते व आजही पटत नाही, अशांनाही हा व्यासंग शिरोधार्य वाटावा. दुसऱ्याचे पटत नाही असे म्हणण्याआधी त्यांनी दोन भाषा शिकून घेतल्या. आज दोन पाने वाचण्याचीही तसदी न घेता निकाल दिले जातात.

उपाय मोठ्या खर्चाचे नाहीत. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि तालुक्या-तालुक्यांत, मोठ्या गावांत मान्यताप्राप्त ग्रंथालये आहेत. त्यांची परिस्थिती ओढगस्तीची असली तरी ‘छावा’ नाही असे ग्रंथालय विरळा. त्याच्या शेजारी बेंद्रे आणि गोखले असावेत, एवढे पाहणे ग्रंथपालाच्या हाती आहे. शिक्षकांनी स्नेहसंमेलनात ऐतिहासिक प्रवेश बसविताना मुलांना संवाद पाठ करायला लावावेतच. त्याबरोबर हा संवाद लेखकाचा आहे, महाराजांचा नव्हे, एवढे एक वाक्य सांगावे. महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी मालिकेचा एक भाग, नाटकाचा एक अंक आणि चरित्रातील एक प्रकरण यांवर एका सायंकाळी चर्चा ठेवावी आणि त्या चर्चेत ‘मला हे आवडले नाही’ म्हणणाऱ्याला टाळ्या मिळाल्या नाहीत तरी शांतता मिळेल, याची हमी अध्यक्षाने द्यावी. कचेरीतील मंडळींनी डब्याच्या वेळी विषय बदलू नये. तालुक्याच्या पातळीवर सुरू झालेली ही सवय पुण्या-मुंबईच्या परिसंवादांपेक्षा अधिक टिकाऊ ठरेल, कारण येथे बोलणारे आणि ऐकणारे दुसऱ्या दिवशी पुन्हा एकमेकांना भेटणार असतात.

संभाजी महाराजांना नाटककारांच्या तावडीतून सोडविले ते एका संशोधकाच्या स्वतंत्र मताने. ज्या काळी सारे जग त्यांना व्यसनी म्हणत होते, त्या काळी ‘हे मला पटत नाही, पुरावा पाहतो’ असे म्हणणारा एक मनुष्य निघाला. लोकप्रिय चित्राविरुद्ध मत बाळगण्याची मुभा त्याला नसती, तर वढूच्या समाधीपुढे आज जी गर्दी लोटते ती लोटली नसती. म्हणून त्याच राजाच्या नावाने इतरांची ती मुभा काढून घेणे हा त्याच्या स्मृतीचा गौरव ठरू शकत नाही. समाधीपुढे मस्तक नमवावे. पुस्तक, नाटक आणि पडदा यांच्यापुढे मात्र ते ताठ ठेवावे.